हसवणारी जादू: विनोदी फँटसी कादंबऱ्या का आवडतात आणि कुठे थकवतात

एक ऑर्क (फँटसी कथांतल्या राक्षसासारख्या लढाऊ जमातीतली) योद्धी आयुष्यभर परजलेली तलवार भिंतीवर टांगून ठेवते आणि कॉफीचे दुकान काढते. एवढ्याच कथाबीजावर बेतलेली ट्रॅव्हिस बाल्डरी यांची ‘लेजेंड्स अँड लाटेज’ ही कादंबरी २०२२ मध्ये आधी लेखकाने स्वतःच प्रकाशित केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने बाजारात आणली. तेव्हापासून हलक्याफुलक्या फँटसी कादंबऱ्यांविषयी वाचकांमध्ये पुष्कळ बोलले जात आहे आणि या प्रकाराशी परिचय नसलेल्यांचा गोंधळही तितकाच वाढला आहे. ज्या कादंबऱ्यांमध्ये जादूगार स्वतःचेच मंत्र विसरतात, ड्रॅगनना अपचन होते आणि भविष्यवाणी भलत्याच माणसाला लागू पडते, त्या जाणत्या माणसांनी आवडीने वाचाव्यात असे त्यांत काय आहे? आणि ज्यांना त्या मनापासून आवडतात, त्यांनाही सात-आठ पुस्तकांनंतर एक विशिष्ट थकवा का जाणवतो?

मला असे वाटते की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. जादूला हसणारा माणूस कुठे उभा राहून हसतो, जादूच्या जगात की त्याच्या बाहेर, यावर या कादंबऱ्यांचे सगळे यश आणि सगळे अपयश अवलंबून असते. हे नीट समजण्यासाठी थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

अद्भुतालाही नियम लागतात

फँटसी म्हणजे अशी कथा, जिच्या जगात आपल्याकडे अशक्य असलेली एखादी गोष्ट शक्य असते आणि तिथले लोक ती साधी वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतात. मनात येईल ते घडू शकते, असा याचा अर्थ पुष्कळ जण लावतात आणि पहिली गल्लत तिथेच होते. मनात येईल ते घडू लागले, तर पुढच्या पानावर काय होईल याची उत्सुकताच उरणार नाही. अदृश्य करणारा झगा पावसात भिजला की निकामी होतो, असे एकदा ठरले, म्हणजे आकाशात ढग जमल्याबरोबर वाचकाच्या छातीत धस्स होते. अद्भुताला जिवंतपणा येतो तो अशा बंधनांमुळे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिले होते. त्यातून पुढे आकाराला आलेल्या निबंधात ते म्हणतात की, लेखक एक दुय्यम विश्व घडवतो आणि वाचकाचे मन त्यात प्रवेश करते. आत असेपर्यंत तिथले सत्य हे वाचकासाठी सत्यच असते, आणि अविश्वास जागा झाला की मंत्र तुटतो व वाचक पुन्हा आपल्या जगात येऊन पडतो. याच निबंधात एक सूचना आहे, जी आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. परीकथेत उपहास चालेल, पण एका गोष्टीची थट्टा होता कामा नये, आणि ती म्हणजे खुद्द जादू. तिला कथेपुरते तरी गांभीर्यानेच घेतले पाहिजे, असे टॉल्किन बजावतात.

मग जादूवर विनोद करणाऱ्या कादंबऱ्या मुळातच चुकीच्या म्हणायच्या का? तसे नाही. लहान मुलांची भातुकली आठवून पाहावी. मुले रिकाम्या कपातून पाहुण्यांना चहा देतात. एखादा मोठा माणूस कपात डोकावतो, ‘यात तर काहीच नाही,’ असे म्हणून हसतो आणि खेळ मोडतो. दुसरा माणूस तोच कप तोंडाला लावतो, क्षणभर थांबतो आणि ‘साखर विसरलात वाटते,’ म्हणतो. मुले खदखदून हसतात आणि खेळ मोडण्याऐवजी अधिक पक्का होतो, कारण त्या कपात चहा आहे याला आता मोठ्या माणसाची साक्ष मिळालेली असते. हसणे दोन्हीकडे आहे. पहिला माणूस खेळाबाहेर उभा राहून हसला, तर दुसऱ्याने खेळात शिरून हसवले.

विस्मय आणि हास एकत्र कसे नांदतात?

ही अडचण आपल्या जुन्या काव्यविचारालाही ओळखीची वाटली असती. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य आणि अद्भुत हे दोन स्वतंत्र रस आहेत. ज्या मूळ भावनेवर रस उभा राहतो, तिला स्थायीभाव म्हणतात; हास्याचा स्थायीभाव हास आणि अद्भुताचा विस्मय. या दोन भावनांची ओढ परस्परविरुद्ध दिशांना असते. विस्मय वाटतो, तेव्हा माणूस समोरच्या गोष्टीपुढे लहान होतो आणि ते लहान होणे त्याला हवेसे वाटते. तोच माणूस हसतो, तेव्हा निदान क्षणभर तो त्या गोष्टीच्या वर उभा असतो. ड्रॅगनपुढे थरथरणे आणि ड्रॅगनला हसणे या दोन्ही क्रिया एकाच वाचकाकडून एकाच पानावर करून घ्यायच्या, हे विनोदी फँटसीचे काम आहे, आणि ते दिसते तेवढे सोपे नाही.

नाट्यशास्त्रात आणखी एक मार्मिक विधान आहे: शृंगाराची अनुकृती, म्हणजे नक्कल, तेच हास्य. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने पुढे ही कल्पना इतर रसांच्या आभासालाही लावली. खरी करुणा रडवते, पण करुणेचा आव हसवतो. विडंबन कसे चालते, याचे इतके थोडक्यात दिलेले उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. वीर आणि अद्भुत यांनी भारलेल्या गंभीर फँटसीची नक्कल केली की हास्य निर्माण होते. मात्र नकलेला समोर मूळ वस्तू लागते, आणि वाचकाला ती ठाऊक असावी लागते. ही अट पुढे अनेकदा आडवी येते.

एक दार, तीन तऱ्हा

एक उदाहरण रचून पाहू. समजा, एका किल्ल्याला असे दार आहे की त्याच्यापुढे उभे राहून खरे बोलले तरच ते उघडते, आणि एक सत्य एकदाच चालते.

गंभीर कादंबरीत एक राजपुत्र रात्री धावत या दाराशी येतो. मागे शत्रू आहे. तो आपले नाव सांगतो, वंश सांगतो, पण ही सत्ये पूर्वी वापरून झालेली असल्यामुळे दार हलत नाही. शेवटी, थोरल्या भावाच्या मृत्यूला आपणच कारणीभूत होतो, हे त्याला मोठ्याने म्हणावे लागते. दार उघडते आणि आत उभे असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलेले असते.

दुसऱ्या तऱ्हेत राजपुत्र दाराकडे पाहून म्हणतो, ‘असली दारे फक्त गोष्टींतच असतात,’ आणि शेजारच्या खिडकीतून आत उतरतो. वाचक एकदा हसतो. पण आता ते दार म्हणजे नुसते लाकूड झाले. यापुढे त्या दारावर ना भीती उभी राहील, ना दुसरा विनोद.

तिसऱ्या तऱ्हेत लेखक विचारतो की, अशा किल्ल्यात रोज कामाला येणाऱ्या माणसाचे काय होत असेल. एक पहारेकरी तीस वर्षे तिथे चाकरी करतो आहे आणि रोज सकाळी त्याला एक नवे सत्य लागते. पहिली काही वर्षे ‘मला उंचीची भीती वाटते’ आणि ‘माझे बूट चावतात’ यांवर निभावली. स्वतःविषयीची सत्ये संपली, तेव्हा तो शेजाऱ्यांविषयीची सांगू लागला, आणि सकाळी त्याच्यामागे ऐकणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. मग पत्नीने काही विषयांवर कडक बंदी घातली. निरुपायाने तो ग्रंथ वाचायला लागला, रोज एक वाक्य पाठ करून येऊ लागला आणि पाहता पाहता राज्यातला सर्वांत व्यासंगी माणूस झाला. एका सकाळी त्याने एका नामवंत पंडिताच्या ग्रंथातले वाक्य म्हटले आणि दार उघडले नाही. दुपारपर्यंत ती बातमी दरबारात पोहोचली होती.

इथे दाराची थट्टा कुठेही झालेली नाही. दार पूर्णपणे खरे आहे, त्याचा नियम कडक आहे, आणि विनोद निघाला तो नियम इमानेइतबारे पाळल्यामुळे. टॉल्किन यांची सूचना आणि विनोदी फँटसी यांच्यातला विरोध या जागी मिटतो. या प्रकारातली जी पुस्तके टिकली, त्यांतली बहुतेक या तिसऱ्या जातीची आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

विडंबनातून स्वतःच्या विश्वाकडे

या साहित्याचा इतिहासही बाहेरून आत सरकण्याचाच आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हांतिस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचे दोन भाग १६०५ आणि १६१५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या सरदारांच्या अद्भुत शौर्यकथांची खिल्ली उडवत. त्या शौर्यकथा आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी वाचत नाही, तरीही डॉन किहोते जिवंत आहे, कारण वाचता वाचता तो थट्टेचा विषय राहत नाही आणि स्वतःचे दुःख असलेला माणूस होतो.

अमेरिकेत १९३९ ते १९४३ या काळात जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली ‘अननोन’ नावाचे मासिक निघत असे. त्यात १९४० पासून एल. स्प्रेग डी कॅम्प आणि फ्लेचर प्रॅट या जोडीने एका मानसशास्त्रज्ञाच्या कथा लिहिल्या. हा माणूस तर्कशास्त्राच्या सूत्रांच्या आधारे पुराणकथांच्या जगात जाऊन पोहोचतो. पहिल्याच सफरीत तो नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या, देवतांच्या जगात येतो, तेव्हा त्याच्या आगपेटीतल्या काड्या पेटत नाहीत आणि पिस्तूल चालत नाही, कारण त्या जगाचे नियम निराळे आहेत. आधुनिक माणूस पुराणावर मात करील, या वाचकाच्या अपेक्षेलाच तिथे धक्का बसतो आणि हसू येते ते त्या माणसाच्या आत्मविश्वासाचे.

ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका १९८३ मध्ये ‘द कलर ऑफ मॅजिक’ने सुरू झाली आणि २०१५ मध्ये त्यांच्या निधनानंतर आलेल्या कादंबरीपर्यंत तिची ४१ पुस्तके झाली. सुरुवातीच्या पुस्तकांचा भर इतरांच्या फँटसीतल्या ठरावीक गोष्टींवर आहे. ज्याने ती मूळ पुस्तके वाचलेली नाहीत, त्याचे बरेच विनोद हुकतात. हळूहळू लेखकाचे लक्ष दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून स्वतःच्या शहराकडे वळले. त्या शहरात पहारेकरी आहेत, वर्तमानपत्र निघते, टपालखाते बंद पडून पुन्हा सुरू होते आणि बँक चालते. विडंबन मागे पडले आणि जग उभे राहिले.

मला याहूनही बोलके उदाहरण ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांचे वाटते. १९९६ मध्ये त्यांनी फँटसीतल्या ठोकळेबाज गोष्टींचे ‘द टफ गाइड टु फँटसीलँड’ हे प्रवासमार्गदर्शक पुस्तक लिहिले, ज्यात प्रत्येक कादंबरीत त्याच त्या घोड्यांची आणि त्याच त्या जेवणाची नोंद प्रवाशांच्या सोयीसाठी केलेली आहे. तो संपूर्ण विनोद बाहेरचा आहे. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांनी तीच कल्पना ‘डार्क लॉर्ड ऑफ डर्कहोम’ या कादंबरीत आतून लिहिली: एक जादूचे जग दुसऱ्या जगातल्या सहलींसाठी वापरले जाते, दरवर्षी तिथल्या एका रहिवाशाला दुष्ट सम्राटाची भूमिका करावी लागते, खोट्या लढायांत खरी शेते तुडवली जातात आणि ते जग हळूहळू कंगाल होत चालले आहे. पहिले पुस्तक वाचून हसणाऱ्या वाचकाला दुसऱ्या पुस्तकात कळते की तो आत्तापर्यंत सहलीतल्या प्रवाशांच्या बाजूने हसत होता.

मग आवडण्यासारखे नेमके काय असते?

पहिले आणि सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे या कादंबऱ्या वाचकाला बेसावध अवस्थेत गाठतात. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो. विनोदी फँटसी आपलेच मुसळ उचलून एखाद्या बुटक्याच्या किंवा राक्षसाच्या डोळ्यात ठेवते. आपण निर्धास्तपणे हसतो आणि दोन पानांनंतर ओळख पटते.

प्रॅचेट यांच्या ‘मेन ॲट आर्म्स’ या १९९३ च्या कादंबरीत पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम्युएल व्हाइम्स बुटांचा विचार करतो. त्या काल्पनिक शहरात चांगल्या बुटांना ५० डॉलर पडतात, तर जेमतेम बुटांना १० डॉलर. महागडे बूट दहा वर्षे पाय कोरडे ठेवतात. स्वस्त बूट एक-दोन हंगामांत फाटतात. एकदम ५० डॉलर काढू न शकणारा माणूस त्याच दहा वर्षांत स्वस्त बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. गरिबी महाग पडते, हा अर्थशास्त्रातला अवघड मुद्दा एका काल्पनिक शिपायाच्या ओल्या पायांनी असंख्य वाचकांच्या मनात कायमचा बसवला. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये अगदी स्वस्त वस्तूंची महागाई मोजणाऱ्या एका निर्देशांकाची घोषणा झाली, तेव्हा त्याला याच व्हाइम्सच्या बुटांचे नाव देण्यात आले. हाच मुद्दा एखाद्या लेखात मांडला असता, तर पुष्कळ वाचकांनी आधी लेखक कोणत्या बाजूचा आहे ते पाहिले असते. जो देश अस्तित्वातच नाही, तिथे वाचकाला कोणत्याही बाजूने आधीपासून उभे राहावे लागत नाही.

दुसरे आकर्षण म्हणजे इथे लहान माणसांना जागा असते. गंभीर महाकथेत राजे, वारसदार आणि सेनापती बोलतात, तर पहारेकरी दार उघडण्यापुरता येतो. विनोदी फँटसीला विनोदासाठीच रोजचे व्यवहार लागतात, आणि रोजचे व्यवहार सांभाळणारी माणसे म्हणजे पहारेकरी, सुईणी, कारकून आणि स्वयंपाकी. त्यांची कंटाळवाणी कर्तव्ये, त्यांचे छोटे अभिमान आणि थोडेसे धैर्य यांना या पुस्तकांत जो मान मिळतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

तिसरे कारण साधे आहे. भारी महाकथा वाचताना नकाशे, वंशावळी आणि तीन तीन नावांची गावे लक्षात ठेवावी लागतात, आणि त्याचे फळ कधी कधी चारशे पानांनी मिळते. विनोदी कादंबरी लांब चढणीवर ठिकठिकाणी विसाव्याचे पार असावेत तशी असते. दिवसभर राबून आलेल्या, आजारातून उठलेल्या किंवा शोकातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला एवढेच झेपते, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही.

‘ही तर वास्तवापासून पळवाट आहे’

हा आक्षेप सर्वच फँटसीवर घेतला जातो आणि त्याचे उत्तरही टॉल्किन यांच्या त्याच निबंधात आहे. तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणांगणातून पळणारा सैनिक या दोघांना टीकाकार एकाच मापाने मोजतात, असे ते म्हणतात. कैद्याने भिंतींपलीकडच्या गोष्टींचा विचार करणे, हे भ्याडपणाचे लक्षण नव्हे. विनोदी फँटसीबाबत मी एवढेच जोडीन की, ती बहुतेक वेळा आपल्याला फार लांब नेतच नाही. ओल्या बुटांपर्यंत नेते.

‘विनोद असेल तर भीती कशी वाटणार?’

हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि या प्रकाराची मुख्य मर्यादा इथेच आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी हास्यावर लिहिलेल्या १९०० मधल्या पुस्तकात म्हटले आहे की, हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. घसरून पडलेल्या माणसाचे हाड मोडले असेल, असे वाटले की हसू थांबते. आता कादंबरीचा विचार करा. लेखक दर पानाला ही भूल देत असेल, तर तीनशेव्या पानावर नायकाचा जीव धोक्यात आला, तेव्हा वाचकाच्या हृदयाने अचानक पूर्ण जागे व्हावे, अशी अपेक्षा तो कोणत्या आधारावर करणार? वाचकाला एव्हाना सवय लागलेली असते की संकट येते, एक चटकदार वाक्य येते आणि संकट टळते. पात्रांना जखमा होतात, पण व्रण राहत नाहीत. खलनायक बोलका आणि गमत्या असतो, त्यामुळे त्याची दहशत बसत नाही. जिथे काहीच कायमचे गमावले जाऊ शकत नाही, तिथे मिळवलेल्या गोष्टीचेही मोल वाटत नाही, आणि शेवटचा विजय एखाद्या हिशोबाच्या बेरजेसारखा कोरडा लागतो.

विस्मयाचेही तसेच होते. जादूचे खाते, जादूचे अर्ज, जादूगारांच्या बढत्या हे सगळे मजेदार असते, पण त्यातून जादू हळूहळू कारकुनी होत जाते. मोठ्या फँटसीत कधी तरी असा क्षण येतो की वाचक पुस्तक मिटून गप्प बसतो, कारण त्याने आपल्याहून फार मोठे काही पाहिलेले असते. विनोदी फँटसीत असा क्षण क्वचितच येतो. त्या क्षणासाठीच फँटसी वाचणाऱ्या वाचकाला हा प्रकार पुरेसा वाटणार नाही, आणि त्याला ‘तुला विनोदच कळत नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही चांगले लेखक या भिंतीतून वाट काढतात, आणि कशी काढतात ते आपल्या पहारेकऱ्याकडे परत गेले की दिसते. दोनशे पाने आपण त्याच्या सत्यांना हसलो आहोत. आता त्याची पत्नी किल्ल्यात आजारी आहे आणि तो औषध घेऊन रात्री दाराशी पोहोचला आहे. त्या दिवसाचे पाठ केलेले वाक्य सकाळीच खर्च झाले आहे. घाईत त्याला दुसरे काही सुचत नाही आणि तोंडातून निघून जाते, ‘ती बरी होणार आहे.’ मग तो दाराकडे पाहत उभा राहतो.

नियम तोच आहे, दार तेच आहे, माणूसही तोच आहे. एकही नवी गोष्ट न आणता हसण्याचे साधन भीतीचे साधन झाले, आणि वाचक जितका हसलेला असेल तितका तो आता घाबरतो, कारण हसता हसताच त्याने त्या दारावर पूर्ण विश्वास ठेवलेला असतो. खिडकीतून उतरणाऱ्या राजपुत्राच्या कादंबरीत हा प्रसंग लिहिताच आला नसता. सर्कशीत दोरीवर धडपडण्याचा अभिनय करणारा विदूषक अनेकदा सर्वांत पक्का डोंबारी असतो; तसेच हे आहे. मात्र अशी जागा एका कादंबरीत एखाद-दुसरी येते. दीर्घ शोक, साचत जाणारी दहशत, पान पान वाढत जाणारे दुःख हे या प्रकाराच्या आवाक्यात फार काळ राहत नाही.

कॉफीच्या दुकानासारख्या निवांत फँटसीची मर्यादा थोडी वेगळी आहे. तिथे धोका कमी असतो तो विनोदामुळे नव्हे, तर लेखकाने जाणूनबुजून कमी ठेवल्यामुळे. दुकान चालेल की नाही, हा प्रश्न खऱ्या आयुष्यात झोप उडवणारा आहे. लेखकाने त्या काळजीला खरे वजन दिले, तर पुस्तक उभे राहते, आणि सगळेच जण सगळ्यांशी गोड वागत राहिले, तर पन्नास पानांनंतर वाचण्याचे कारण संपते.

मालिका लांबली की काय होते?

हसण्यासाठी अनपेक्षितता लागते आणि मालिकेचा वाचक परत येतो तो ओळखीसाठी. पियर्स अँथनी यांची ‘झँथ’ मालिका १९७७ मध्ये सुरू झाली आणि चाळीसहून अधिक पुस्तकांपर्यंत पोहोचली. तिचा मोठा आधार म्हणजे शब्दांवरच्या कोट्या, इतका की वाचक आपापल्या कोट्या लेखकाला पाठवत आणि तो पुस्तकाच्या शेवटी त्यांचे आभार मानत असे. ज्यांना कोट्यांचा छंद आहे, त्यांच्यासाठी हा निखळ आनंद आहे. पण कोटी ही एका क्षणाची गोष्ट आहे. तिच्यामुळे पात्राचे काही बदलत नाही. ज्या मालिकांत पात्रे वयाने वाढतात, चुकतात आणि त्या चुकांची ओझी पुढच्या पुस्तकात घेऊन जातात, त्यांत विनोदाची जात जुनीच राहिली तरी पुस्तक नवे वाटते. सात-आठ पुस्तकांनंतरचा थकवा बहुधा विनोद कमी झाल्यामुळे येत नाही. विनोद तेवढेच आणि माणसे तिथेच, हे लक्षात आल्यामुळे येतो.

कोणाला हसायचे?

जुन्या विनोदी फँटसीतले काही भाग आज वाचवत नाहीत. बायकांच्या रूपावर, कोणाच्या शरीरावर किंवा एखाद्या अख्ख्या काल्पनिक जमातीच्या मूर्खपणावर केलेले विनोद त्या काळी खपून गेले. ‘ही तर राक्षसांची जमात आहे, तिला हसलो तर बिघडले काय?’ हा बचाव मला पटत नाही, कारण बुटांच्या बाबतीत काल्पनिक शहर म्हणजे आपलेच शहर असेल, तर जमातीच्या बाबतीतही ती आपल्यातलीच कोणी तरी असणार.

भाषांतरात किती उरते?

या कादंबऱ्या मराठीत का उतरत नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. प्रसंगाचा विनोद सहज उतरतो. आपला पहारेकरी कोणत्याही भाषेत तीस वर्षे चाकरी करू शकेल. कोटी मात्र मूळ भाषेतच राहते आणि भाषांतरकाराला तिच्या जागी मराठी श्लेष नव्याने रचावा लागतो. काही अडचणी तर लिपीच्याच आहेत. ‘डिस्कवर्ल्ड’मध्ये मृत्यू हे एक पात्र आहे, सांगाड्याच्या रूपातले, विनयशील आणि मांजरांवर माया करणारे. त्याचे बोलणे अवतरणचिन्हांशिवाय, रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांच्या ठशात छापलेले असते. आवाज कानांऐवजी थेट मनात घुमावा, असा त्या छपाईचा परिणाम होतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. मराठी भाषांतरकाराला जाड ठसा, वेगळे वळण किंवा मृत्यूसाठी एखादी निराळी, जुन्या धाटणीची वाक्यरचना यांतून निवड करावी लागेल. मला यांतला शेवटचा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो, कारण मृत्यू जुन्या बखरीच्या गांभीर्याने ‘आपण सिद्ध असावे’ असे म्हणाला, तर ठशाची गरज उरणार नाही.

नव्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचली पाहिजे, हा आग्रह इथे सोडावा. प्रॅचेट यांच्या बाबतीत ‘द कलर ऑफ मॅजिक’पासून सुरुवात केलेले अनेक वाचक तिथेच थांबतात, कारण त्यातली थट्टा ज्या पुस्तकांची आहे ती त्यांनी वाचलेली नसतात. पहारेकऱ्यांची उपमालिका १९८९ च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून सुरू होते आणि ती वाचायला फँटसीची कोणतीही पूर्वतयारी लागत नाही. बुटांचा तो उतारा त्याच उपमालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ज्यांची पुष्कळ गंभीर फँटसी वाचून झाली आहे, त्यांनी जोन्स यांची दोन्ही पुस्तके लागोपाठ आणि लिहिली गेली त्याच क्रमाने वाचावीत. अनोळखी लेखकाचे पुस्तक हाती आले, तर मी त्यातली जादू पहिल्यांदा येते ती दोन-तीन पाने वाचून पाहते आणि तिथले लोक त्या जादूबरोबर रोजचे कसे जगतात, याचा लेखकाने विचार केला आहे की नाही, तेवढे बघते.